‘नो डिस्क’ दिसलं म्हणून सीडी टाकून देऊ नका

कपाट आवरताना लग्नाची नाहीतर मुंजीची सीडी हाती लागते. तुम्ही ती हौसेने प्लेअरमध्ये घालता. प्लेअर जरा वेळ घरघरतो आणि टीव्हीवर अक्षरं येतात, ‘नो डिस्क’. मग सीडी खराब झाली असं ठरतं आणि ती कचऱ्यात जाते. एवढी घाई करू नका. पुष्कळदा सीडी चांगली असते. तिचं आणि त्या प्लेअरचं जमत नसतं, इतकंच.

आधी ती उलटी करून पाहा. विकत आणलेल्या सिनेमाची डीव्हीडी खालून चांदीसारखी चकचकीत असते. फोटोवाल्याने भरून दिलेली बहुधा जांभळट दिसते. सिनेमाच्या डीव्हीडीत खुणा साच्याने दाबून उमटवलेल्या असतात. घरी किंवा दुकानात भरलेल्या डीव्हीडीत रंगाचा एक पातळ थर असतो आणि त्यावर लेसरने खुणा केलेल्या असतात. तिच्यावरून उजेड कमी परततो. प्लेअर जुना झाला, आतल्या भिंगावर धूळ बसली, की त्याला तेवढा उजेड पुरत नाही. म्हणून ‘सिनेमा तर लागतो, मग प्लेअर चांगलाच आहे’ हे गणित चुकतं.

आता वरची अक्षरं वाचा. साधी सीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्याच, दोन्ही १२ सेंटिमीटरच्या. पण जुन्या व्हीसीडी प्लेअरवर डीव्हीडी लागणारच नाही, कितीही पुसा. डीव्हीडी असेल तर ‘आर’च्या आधी उणे आहे की अधिक, ते पाहा. उण्याची जात आधी आली, १९९७मध्ये. अधिकाची २००२मध्ये. जुन्या प्लेअरना उण्याची सहसा चालते, अधिकाची कधी चालते कधी नाही. ‘आरडब्ल्यू’ म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी. तिच्यावरून उजेड आणखी कमी परततो, म्हणून ती जास्त अडते. ‘रॅम’ लिहिलेली डीव्हीडी तर घरच्या बहुतेक प्लेअरवर चालतच नाही.

हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. शेजारच्यांच्या प्लेअरवर लावून पाहा. तिथेही नाही लागली, तर डीव्हीडीचा ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरवर लावा. प्लेअर जे वाचत नाही, ते कॉम्प्युटर पुष्कळदा वाचतो.

एका गोष्टीकडे मात्र खास लक्ष द्या. काही व्हिडिओ कॅमेरे थेट ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करत. चित्रण झालं की कॅमेऱ्यातच ‘फायनलाइझ’ करावं लागे, म्हणजे ती बंद करून टाकायची. ते राहून गेलं असेल, तर दुसऱ्या प्लेअरला ती कोरी वाटते. बारशाचं अख्खं चित्रण आत असतं आणि आपण ‘काहीच नाही’ म्हणून मोकळे होतो. तेव्हा तो जुना कॅमेरा भंगारात देण्याआधी घरातल्या छोट्या डीव्हीडी एकदा त्यातच लावून बघा. आणि ती छोटी डीव्हीडी गाडीच्या फटीवाल्या प्लेअरमध्ये घालू नका, अडकून बसेल.

भाच्याने मोबाइलमधला व्हिडिओ डीव्हीडीवर टाकून दिला आणि तो टीव्हीवर दिसेना, तर भाच्याला बोलू नका. नुसती फाइल उतरवणं वेगळं आणि प्लेअरवर चालणारी डीव्हीडी बनवणं वेगळं. जुन्या प्लेअरना दुसरीच कळते. दुकानात सांगताना ‘टीव्हीच्या प्लेअरवर लागणारी हवी’ असं स्पष्ट सांगा.

लेक अमेरिकेत असेल, तर आणखी एक अडचण येते. आपल्याकडचं चित्रण ‘पाल’ पद्धतीचं, तिकडचं ‘एनटीएससी’. आपले बरेच प्लेअर दोन्ही चालवतात. तिकडच्या पुष्कळ प्लेअरना आपलं चालत नाही. तिला कॉम्प्युटरवर पाहायला सांगा, तिथे हा प्रश्न येत नाही.

पुसायची असेल तर मऊ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नको. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या. साध्या सीडीवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल, तर ते ओढून काढू नका. तिची खरी माहिती त्या छापील बाजूच्या अगदी खालीच असते, लेबलाबरोबर तीही निघून येते. डीव्हीडीत ती दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते, तरी तिलाही ऊन सोसत नाही. खिडकीत ठेवू नका.

कुठेही लागली, की त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यातली एखादी फाइल न उचलता पूर्ण फोल्डर घ्या. नाहीतर हळदीवर लग्न संपेल! एक प्रत घरी ठेवा, एक दुसऱ्या घरी.

दुकानातून पेनड्राइव्हवर करून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट तिथेच लावून पाहा. मूळ डीव्हीडी परत मागा. ‘आता तिचं काय करणार?’ असं दुकानदार विचारेल. तरी घेऊन या.