डोकी मोजण्याआधी हंडे मोजा

२०१३ चा उन्हाळा जालन्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विसरता येणार नाही. घाणेवाडीचा तलाव आटला होता, शहर टँकरवर जगत होते. मी अम्मीबरोबर रांगेत उभी असायचे. भांडण झाले की एक वाक्य हमखास यायचे, "माणसंच फार झालीत, पाणी पुरणार कुठून?" बोलणाऱ्याची नजर आमच्या मोहल्ल्याकडे वळायची. अम्मी मुकाट्याने हंडा उचलून चालू लागायची. मला उत्तर सुचत नसे.

आज तेच वाक्य मोबाईलवर येते, जगाचे आकडे आणि नकाशे लावून. आपल्यातले काही चिडतात, काही मान खाली घालतात. माझे म्हणणे आहे, आधी हिशोब मांडू या.

१५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले. जगातली सुमारे १८ टक्के माणसे आपल्या देशात आहेत, गोडे पाणी मात्र ४ टक्क्यांच्या आसपास. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात गोडे पाणीच जेमतेम अडीच टक्के, त्यातलेही बहुतेक बर्फात आणि जमिनीखाली. ताण खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या ताणाला केवळ माणसांची संख्या जबाबदार आहे का?

आफ्रिकेतला नायजर हा सर्वाधिक जन्मदर असलेल्या देशांपैकी एक. तिथे एका माणसामागे वर्षाला साधारण ०.१ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतात सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४ टन. मुले जास्त नायजरमध्ये, धूर जास्त अमेरिकेत आणि वाढत्या उन्हाचे चटके मात्र नायजरच्या शेतकऱ्याला. म्हणजे पृथ्वीवरचा भार मोजायचा तर किती माणसे आहेत एवढेच विचारून चालत नाही, कोण किती वापरतो हेही विचारावे लागते.

आता हाच प्रश्न जालन्यात विचारू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार. एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे २५५ माणसे. महाराष्ट्राची सरासरी ३६५. म्हणजे आपला जिल्हा राज्याच्या मानाने विरळ वस्तीचा आहे. मुंबईत याच एका चौरस किलोमीटरमध्ये हजारो माणसे राहतात, तरी भातसा, वैतरणा, तानसा इथून दूरवरून पाणी तिथे पोहोचते. तिथेही ते टॉवरला आधी आणि झोपडपट्टीला नंतर मिळते, हे वेगळे सांगायला नको. गर्दीमुळेच पाणी आटत असते तर मुंबई आपल्याआधी तहानली असती.

मग पाणी जाते कुठे? महाराष्ट्रात लागवडीखालच्या सुमारे ४ टक्के जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवले आहे. दुष्काळी मराठवाड्यातही ऊस आणि कारखाने वाढतच गेले. उलट, जालना तालुक्यातल्याच कडवंची गावाने नव्वदच्या दशकापासून पाणलोटाची कामे केली, शेततळी खोदली आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. आभाळ तेच, पाऊस तोच, फक्त पाणी अडवण्याची शिस्त वेगळी.

ही शिस्त आपल्या शहराला अनोळखी नव्हती. जमशेद खानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. हे सांगते ते जुन्या वैभवाच्या गप्पा मारण्यासाठी नाही. पाणी साठवणारे हात एकेकाळी इथलेच होते, याची आठवण राहावी म्हणून.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या १९९२-९३ मध्ये ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती २.३६ वर आली. हिंदू स्त्रीमागे ती ३.३ वरून १.९४ झाली. फरक उरला आहे, पण तो वेगाने मिटतो आहे. केरळातल्या मुस्लिम स्त्रीमागे २.२५ मुले, बिहारमधल्या हिंदू स्त्रीमागे सुमारे २.९. इराणमध्ये ऐंशीच्या दशकात सहाच्या वर असलेला आकडा २००० च्या सुमारास दोनच्या आसपास आला. बांगलादेशही आज दोनच्या जवळ आहे. धर्म तोच राहिला. बदलले ते मुलींचे शिक्षण, दवाखान्याची सोय आणि मूल जगेल याची खात्री.

इथे मात्र मला आपल्याच लोकांशी बोलायचे आहे. जालना जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या साधारण तीनपैकी एका मुलीचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. हे सगळ्या समाजांत घडते. पाणी नाही म्हणून घर ऊसतोडीला जाते, वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे म्हणून तिचे लग्न उरकले जाते, आणि विशीच्या आत तिच्या कडेवर दोन मुले असतात. माझ्या वर्गातली एक मैत्रीण दहावीनंतर अशीच गेली. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. लोकसंख्या वाढली म्हणून पाणी संपले, असे म्हणणाऱ्यांनी ही उलटी साखळीही पाहावी. पाणी नाही, म्हणून शाळा सुटते आणि म्हणूनच पाळणा लवकर हलतो.

म्हणून आरोपाला उत्तर देताना आपण दोन कामे करू या. पहिले, हक्काचे. आपल्या वॉर्डात किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येते याची वही ठेवू, शेजारच्या वॉर्डाशी ताडून पाहू आणि ती वही नगरसेवकापुढे ठेवू. त्या वहीत सगळ्या जातिधर्मांची घरे असू देत, तहान सगळ्यांची सारखीच आहे. दुसरे, जबाबदारीचे. मशिदीत वुजूचे पाणी गटारात जाते, ते शोषखड्ड्यात किंवा झाडांना वळवता येते. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, ती नळाच्या तोटीपर्यंत आणू या. आणि मोहल्ल्यातली एकही मुलगी बारावीच्या आत शाळेतून बाहेर पडणार नाही, हे पाहू या.

पुन्हा कधी रांगेत ते वाक्य ऐकू आले, तर मी गप्प बसणार नाही, भांडणारही नाही. एवढेच म्हणेन, काका, डोकी मोजायची तर मोजू, पण आधी कुणाच्या घरी किती हंडे गेले ते मोजू.