आधी चाचणी, मगच विक्री!

अकोल्यातील बायोटेक्नॉलॉजीची एक विद्यार्थिनी, तिची आई आणि तिची बहीण. गोरे करणारे क्रीम लावता लावता २०२२ साली एकाच घरातल्या या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. कारण उघड झाले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात: क्रीममध्ये पारा होता! जी तपासणी कारखान्यात व्हायला हवी होती, ती तीन स्त्रियांच्या शरीरावर झाली. याला व्यापार म्हणत नाहीत. हा माणसांवरचा प्रयोग आहे, आणि आम्ही त्याचा तीव्र निषेध करतो.

पारा मिसळणे हा तर उघड गुन्हा. पण ज्या बाजारात पारा बिनबोभाट खपतो, तिथे माल टिकतो की नासतो, हे कोण विचारणार? क्रीमचा रंग, वास, घट्टपणा आणि जंतूंना रोखण्याची ताकद शेवटच्या तारखेपर्यंत शाबूत राहते का, हे टिकाऊपणाची चाचणी सांगते. ती न करताच डबीवर मुदत छापणे म्हणजे ग्राहकापुढे दिलेली खोटी साक्ष आहे.

त्यात आमचा उन्हाळा! मे २०२४ मध्ये तापमान ४५ अंशांपलीकडे गेले, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. त्या दिवसांत टिनाच्या छपराखालच्या दुकानात ठेवलेली लोशनची बाटली उचलून पाहा: तेल सुटून वर आलेले, खाली पाणी, झाकण उघडताच खवट वास. चाचणी किती अंशांवर घ्यायची, हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २०१८ चा मार्गदर्शक दस्तऐवज निर्मात्याच्याच विवेकावर सोडतो. तो विवेक थंड प्रयोगशाळेत बसून चालणार नाही. वऱ्हाडात माल विकायचा, तर वऱ्हाडचे ऊन धरूनच तो तपासला पाहिजे.

चाचणी कधी करायची? कृती ठरताना करा. मग विक्रीच्याच डबीत भरून पुन्हा करा, कारण प्लास्टिक आणि क्रीम एकमेकांना बिघडवतात. पाणी असलेल्या क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडून परिरक्षक त्यांना मारतो की नाही, ते पाहा. सुगंध, रंग, पुरवठादार, डबी, कारखाना यांतले काहीही बदलले, की पहिल्यापासून करा. आणि माल बाजारात गेल्यावरही प्रत्येक बॅचचा नमुना मुदत संपेपर्यंत जपून तपासत राहा.

'आमच्या बचतगटाला हा खर्च झेपत नाही,' असे भगिनी म्हणतील. तक्रार खरी आहे. म्हणून त्यावर तोडगा शासनाने काढावा. अमरावतीच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात अशी तपासणी अल्प दरात मिळू द्या. अन्न व औषध प्रशासनाने उन्हाळ्यातच दुकानांतून नमुने उचलावेत, आणि मुदतीचा पुरावा मागितल्यावर जो निर्माता तो दाखवणार नाही, त्याचा परवाना रोखावा.

आणि वाचकहो, सावळ्या कातडीची लाज विकून तर हा सारा बाजार उभा आहे! आमच्या मुलींना त्यांच्या रंगाबद्दल हिणवणारी जीभ आधी आवरा. गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात गावोगाव फिरून डोळस व्हायला शिकवले. बिनलेबलची डबी कोणीही, कितीही गोड बोलून पुढे केली, तरी ती परत करा. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका!