‘किती मारतोस?’ हा प्रश्नच चुकलाय!

जिममध्ये नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘भावा, डेडलिफ्ट किती मारतोस?’ मग भाव खायला प्लेट वाढतात, मित्र मोबाइल धरून उभा राहतो आणि पाठ धनुष्यासारखी वाकली तरी रील मात्र भारी येते. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कारण बारवरचं वजन आणि तुमच्या कमरेवर येणारा ताण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अकरावीतलं टॉर्क आठवतंय? बल गुणिले अंतर. हॉस्टेलवर येणारा २० लिटर पाण्याचा जार, म्हणजे साधारण २० किलो. वाकून, हात लांब करून तो उचलला तर तो कमरेपासून जवळपास अर्धा मीटर दूर असतो. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या जेमतेम पाच सेंटिमीटर मागून ओढतात. म्हणजे त्यांना दहापट जोर लावावा लागतो, तब्बल २०० किलोंइतका! आपल्या धडाचं वजन वेगळंच. तोच जार पोटाशी घेतला की अंतर निम्मं, त्याचा ताणही निम्मा. म्हणूनच डेडलिफ्ट करताना बार पायांना चिकटून वर यायला हवा.

दुसरा घोळ शरीराचा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण तेवढ्यात स्नायू फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि नसा जास्त स्नायूतंतू एकदम कामाला लावायला शिकतात, इतकंच. स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन मात्र सावकाश मजबूत होतात. तुम्हाला ‘आता जमतंय’ वाटतं, तेव्हा ते मागेच असतात.

‘मग काय, जड उचलायचंच नाही?’ उचला की! त्याने हाडंही बळकट होतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात तब्बल ११५ किलो डोक्यावर उचलले. पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. आणि इतका सराव असूनही धोका संपत नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकलं, पण १३९ किलो उचलताना त्याचं कोपर दुखावलं. तो देशासाठी सुवर्णपदकाच्या मागे होता. आपण कशाच्या मागे आहोत? पंधरा सेकंदांच्या रीलच्या?

त्यामुळे पाठ वाकायला लागली की बार खाली ठेवा, कुणी हसलं तरी. आणि पुढच्या वेळी मित्राला ‘किती मारतोस?’ऐवजी विचारा, ‘कसं उचलतोस, दाखव ना!’