नागरिक असल्याचा दाखला कोण देणार?

हैदराबाद शहराच्या बरकतपुरा भागात भविष्यनिर्वाह निधी संघटनेचे प्रादेशिक कार्यालय आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या पट्ट्यातील मराठी वस्ती जुनी. निजामी अमदानीत मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नोकरीधंद्यासाठी राजधानीत येऊन स्थिरावलेली पुष्कळ कुटुंबे मात्र तेथेच राहिली. त्यांची मुले-नातवंडे कारखान्यांत, छापखान्यांत, खाजगी पेढ्यांत तीस-पस्तीस वर्षे राबून निवृत्त होतात आणि हक्काच्या पैशासाठी या कार्यालयाच्या पायऱ्या चढतात. पगारातून दरमहा वर्गणी कापली जात होती तेव्हा ‘तुम्ही कोण’ असे त्यांना कोणी विचारले नव्हते. पैसे परत देण्याची वेळ आली की मात्र तोच प्रश्न पहिला.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक असतो. तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी, तेही बहुधा एका अक्षरात लिहिले जाते. मराठी रिवाजात आधी स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे आणि शेवटी आडनाव. शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, कारखान्याच्या हजेरीपटावर दुसरा, बँकेच्या पुस्तकात तिसरा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची तर दोन आयुष्ये असावीत असे दप्तर सांगते. दुरुस्तीसाठी मालक व कामगार या दोघांच्या सहीचे संयुक्त निवेदन करावे, असा रिवाज. कारखाना बंद पडलेला असला म्हणजे मालकाऐवजी कोणाची सही चालेल याचा शोध सुरू होतो. जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी आधार कार्ड दाखवावे, तर जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ मध्ये या संघटनेने आधारला जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून वगळले. ज्या पत्रिकेसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे दिली, ती वयही सिद्ध करीत नाही!

एवढ्यावर भागले असते तर हा विषय अग्रलेखाचा झाला नसता. पण वय आणि नाव विचारणारी खिडकी व ‘तुम्ही या देशाचे आहात काय’ असे विचारणारी खिडकी यांतील अंतर आपण समजतो तितके उरलेले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये याच हैदराबादेत आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाने १२७ जणांना नोटिसा पाठवल्या. खोट्या कागदपत्रांवर आधार मिळवल्याचा संशय होता, आणि नोटिसेत नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी मूळ कागदपत्रांसह हजर राहण्यास सांगितले होते. गवगवा झाल्यावर प्राधिकरणाने खुलासा केला की आधारचा नागरिकत्वाशी काही संबंध नाही. खुलासा कायद्याला धरूनच होता. २०१६ च्या आधार कायद्याचे नववे कलम तेच सांगते. अर्ज करण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस देशात राहिलेल्या परदेशी माणसालाही तो क्रमांक मिळू शकतो. मग ज्या कार्यालयाला नागरिकत्व ठरवण्याचा अधिकारच नाही, त्याच्या नोटिसेत तो शब्द आला कसा? संशयित दोषी होते की निर्दोष, हा येथे मुद्दा नाही. अधिकार नसलेला कारकूनही नागरिकत्वाचा पुरावा मागू शकतो आणि ज्याला तो मागितला जातो त्याने कोणता कागद पुढे करावा हे कोणीच सांगत नाही, हा आहे.

कारण, वाचकांना आश्चर्य वाटेल, पण जन्माने भारतीय असलेल्या सर्वसामान्य माणसाला ‘हा भारताचा नागरिक आहे’ असा निर्विवाद दाखला देणारे कार्यालय या देशात नाही. शिधापत्रिका धान्यासाठी. मतदार ओळखपत्र मतदानासाठी. पारपत्र हे त्यातल्या त्यात भक्कम. तथापि १९६७ च्या पारपत्र कायद्याच्या विसाव्या कलमानुसार सार्वजनिक हिताच्या दृष्टीने नागरिक नसलेल्यालाही ते देण्याची मुभा केंद्र सरकारला आहे. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने १४-अ हे कलम घालण्यात आले आणि प्रत्येक नागरिकाची नोंद करून राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. ते ओळखपत्र देशभरातील घरांत काही पोहोचले नाही. नागरिक नसल्याचा संशय घेणे मात्र त्यामुळे थांबले नाही. ज्याला परदेशी ठरवायचे त्यानेच आपण परदेशी नाही हे सिद्ध करावे, हे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याचे तत्त्व १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही कायम आहे.

पुराव्याचे ओझे पिढीगणिक वाढते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्म झाल्याचे दाखवणे पुरते. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याला आई किंवा बाप नागरिक असल्याचे दाखवावे लागते. पुढच्यांना दोघांचेही पाहावे लागते: दोघे नागरिक असावेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा अवैध मार्गाने आलेला नसावा. म्हणजे बरकतपुऱ्यातल्या नातवाचा कागद आजीच्या कागदावर जाऊन टेकतो. आणि आजीचा कागद कसला? ती परभणीस किंवा नांदेडास फसली १३५० मध्ये, म्हणजे इसवी सन १९४०-४१ मध्ये जन्मली. दप्तर उर्दूत, महिना बहमन किंवा खुर्दाद. तिच्या राज्याच्या राजाने नोव्हेंबर १९४९ मध्ये फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली आणि राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने ती भारताची नागरिक झाली. त्या दिवशी तिला कोणी कागद दिला नाही. तशी गरजही कोणाला वाटली नाही. राज्यघटनेने माणसे स्वीकारली होती, कागद नव्हे.

गोमंतकीय वाचकाने हे सारे दूरच्या शहराचे वृत्त समजू नये. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बाहेर राहिलेले आणि १९४७ नंतर भारतात आलेले मराठी भाषिकांचे जे प्रदेश, त्यांत जसे निजामाचे राज्य तसाच आपला गोवा. त्यांच्या दप्तरात फसली साल, आपल्या दप्तरात पोर्तुगीज लिपीतली नावे. प्रभूंचा ‘पोरोब’ झाला, शेणव्यांचा ‘सिनाय’ झाला. बाप एका रूपात नोंदलेला आणि मुलगा दुसऱ्या, असे घर काणकोणपासून पेडण्यापर्यंत शोधावे लागत नाही. मतदार याद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हा बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गोव्याचे नाव होते. दोन दशकांपूर्वीच्या यादीत आपले वा आईबापांचे नाव शोधताना ही रूपे किती घरांत आडवी आली असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याआधी बिहारमधील फेरतपासणीच्या वेळी आयोगाने मान्य केलेल्या अकरा कागदांत आधार नव्हते. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बारावे म्हणून स्वीकारावयास लावले, पण ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नव्हे, हेही बजावून.

हैदराबादेच्या इतिहासात आपल्यासाठी आणखी एक पाठ आहे, आणि तो थोडा बोचरा आहे. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी माणूस ‘मुल्की’ असावा लागे. १९१९ च्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्याला मुल्की ठरण्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कायम राहण्याचा इरादा दाखवावा लागे. हेतू रास्त होता; बाहेरच्यांनी येऊन भूमिपुत्रांच्या जागा बळकावू नयेत. परिणाम असा झाला की मुल्की दाखलेच विक्रीला निघाले. १९५२ मध्ये खोट्या दाखल्यांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, तरुण मेले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवताच आंध्रात दुसरे वादळ उठले, आणि पुढच्या वर्षी घटनादुरुस्ती करून संसदेने तो विषय ३७१-ड या कलमात गुंडाळला. गोव्यात सरकारी नोकरीसाठी मामलेदाराचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आकडा तोच आणि हेतूही तोच. या दाखल्याची मागणी आम्ही अयोग्य मानत नाही. पण जो दाखला मिळण्यावर माणसाचे पोट अवलंबून असते तो प्रामाणिकाला अवघड आणि पैसेवाल्याला सोपा होतो, हे हैदराबादने आपल्या आधी पाहिले आहे.

आता परदेशी पारपत्राचा प्रश्न. फाळणीनंतर हैदराबादेतून काही जण पाकिस्तानात गेले, काहींनी तेथील पारपत्र काढले आणि परत येऊन राहिले. राज्य सरकारने त्यांना हाकलण्याच्या नोटिसा काढल्या. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की नाही, हा प्रश्न नागरिकत्व कायद्याच्या ९ (२) या कलमाखाली केंद्र सरकारने चौकशी करून ठरवायचा. तो निर्णय होईपर्यंत राज्याने हाकलपट्टी करू नये. त्याच वर्षी गोव्यात २८ मार्चचा हुकूम निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आईबाप वा आजा-आजी येथे जन्मलेले, ते सारे भारताचे नागरिक. ज्याला नको असेल त्याने एका महिन्यात लेखी कळवावे. फादर मोंतेरो यांनी तसे कळवले, पोर्तुगीज राहिले, मुदत संपल्यावरही येथेच राहिले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते हरले. त्यांच्या भूमिकेशी आमचे कधीच जमणे नव्हते. पण त्यांना कशाची निवड करीत आहोत हे ठाऊक होते, आणि सरकारलाही.

आजच्या मडगावच्या किंवा म्हापशाच्या तरुणाविषयी तसे म्हणता येत नाही. पोर्तुगालने १९७४ च्या तहाने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मानले, तरी मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करण्याची वाट त्याने खुली ठेवली. दलाल कागद करतो, आजोबांचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढतो, मग बापाचा, मग मुलाचा. नुसती जन्मनोंद म्हणजे परकीय नागरिकत्व घेणे काय, की पोर्तुगीज ओळखपत्र वा पारपत्र हाती आल्यावरच ते घेतले असे मानावे? २०१२ च्या निवडणुकीनंतर दोन आमदारांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिला होता. पारपत्र स्वतः परत केले तर एक दाखला मिळतो, सरकारने रद्द केले तर दुसरा, आणि परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड मागताना या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे अनेक घरांना २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत प्रथम कळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली गोव्यातील पहिला दाखला एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांना मिळाला. ते गोव्यातच जन्मलेले, मुक्तीपूर्वी शिक्षणासाठी पाकिस्तानात गेलेले आणि तेथील नागरिकत्व घेतलेले. जन्मभूमीचे नागरिक होण्यास त्यांना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष उजाडावे लागले.

परकीय घुसखोरीकडे डोळेझाक करावी असे आम्ही म्हणत नाही. किनारपट्टीच्या राज्याला तर ते परवडणारच नाही. खोटी कागदपत्रे करून देणारे दलाल तुरुंगातच गेले पाहिजेत. परंतु खरा घुसखोर कागदांची जुळवाजुळव करूनच येतो. अडतो तो दाखला गहाळ झालेला शेतमजूर, नाव बदललेली विधवा, आणि बरकतपुऱ्याच्या खिडकीपुढे तिसऱ्यांदा उभा राहिलेला निवृत्त कामगार. म्हणून १९६२ चा निर्णय पुन्हा वाचावा असे आम्ही सरकारला सुचवू. नागरिकत्वाविषयी संशय असेल तर तो कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जावा. त्याने मुदतीत, कारणे देऊन, लेखी निर्णय द्यावा. आणि तो होईपर्यंत इतर कोणत्याही खात्याने निवृत्तिवेतन, मत वा शिधा अडवू नये. लिस्बनच्या नोंदीचा अर्थ केंद्राने एकाच परिपत्रकात, कोकणी-मराठीत, पंचायतीच्या फलकावर लागेल अशा शब्दांत सांगावा.

दुसरे काम राज्यांना आपल्या बळावर करता येईल. हैदराबादेत तारनाक्याला पुराभिलेखागार आहे, पणजीतही आहे. तेथील व निबंधकांच्या कचेऱ्यांतील उर्दू आणि पोर्तुगीज नोंदींचे प्रमाणित भाषांतर, फसली सालाचा इसवी सनाशी आणि ‘सिनाय’चा शेणव्याशी मेळ घालून, सरकारने आपल्या खर्चाने द्यावे. सध्या तो खर्च अर्जदाराच्या खिशातून होतो, आणि उर्दू वा पोर्तुगीज हस्ताक्षर वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.