पोट लहान झालं, पंगत शेवटचीच

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिने ते बैठकीत सांगितलं आणि आम्ही सगळ्या गप्प बसलो. १९९६ साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध आपण आपल्या कारणांनी बोललो होतो (संस्कृतिरक्षक त्यांच्या कारणांनी बोलले, ते वेगळं). बाईच्या देहाला मापात बसवणाऱ्यांशी आपलं भांडण जुनं आहे. मग आपल्यातलीच एक पोट कापून घेते म्हणजे काय? असं कुणी तोंडाने म्हटलं नाही, पण तिला ते ऐकू गेलं असणार.

त्या गप्प बसण्याची मला आज लाज वाटते. तिचं वजन एकशे बारा किलो होतं, रक्तातली साखर गोळ्यांना दाद देत नव्हती, जिना चढताना गुडघे रडवत होते. मधुमेह हा काही सौंदर्याचा प्रश्न नव्हे. देह तिचा, निर्णय तिचा, हे आपण गर्भपाताबद्दल जितक्या ठामपणे म्हणतो तितकं इथेही म्हणायला हवं होतं. पण मला लिहायचं आहे ते शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांबद्दल.

तिच्या जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला. उरली ती केळ्याच्या आकाराची एक नळी. घरी येताना हातात एक कागद दिला. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण, तेही वाटीभर. एका जागी बसून, घास नीट चावून, अर्धा तास जेवायचं. जेवताना पाणी नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. रोज निदान साठ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, वाटीभर वरणात त्याच्या आसपास, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. शिवाय लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व जन्मभर.

मी तो कागद वाचला आणि मला हसू आलं. ज्याला कुणीतरी वेळेवर ताट वाढून देतं, त्याच्यासाठी तो लिहिलेला होता. आमच्या मैत्रिणीने गेल्या पंचवीस वर्षांत बसून अर्धा तास जेवण केलेलं कुणी पाहिलेलं नाही. आधी डबे, मग सासूबाई, मग मुलं, मग नवरा. शेवटी ओट्याशी उभ्याने, उरलेली पोळी आणि पातेल्याच्या तळाची भाजी, दहा मिनिटांत. वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातलंही. वजन वाढण्यात या पद्धतीचा वाटा किती, हे तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ती सहा माणसांच्या पोळ्या लाटत होती आणि स्वतः वरणाचं पाणी पीत होती. मग घाईने काहीतरी गिळलं आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, होणारच,’ म्हणत घरच्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी आमच्यातल्या दोघींनी तिला रिक्षात घालून नेलं. ओकाऱ्या थांबल्या नाहीत तर शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व संपतं, नसांना आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे त्या कागदावर होतं. घरात तो फक्त तिनेच वाचला होता.

चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. ते बहुतेकींचे पुन्हा येतात, पण प्रथिनं आणि लोह पोटात गेलं तर. त्यात नवरात्र आलं. नऊ दिवस साबुदाणा म्हणजे पिष्ट, प्रथिनं जवळजवळ शून्य. ‘देवीचं आहे, मोडू नकोस,’ हे सांगायला दोन जावा हजर होत्या. आणि आम्ही? आम्ही म्हणत होतो, ‘अगं, किती छान दिसतेस!’ केस गळताहेत, चक्कर येते आहे, आणि बाई छान दिसते आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या. कित्येकदा ही एकच बाई असते. दर महिन्याला पाळीत रक्त जातं आणि वर जठर कापलेलं.

तरुण मुलींची गोष्ट याहून अवघड. पाळी अनियमित आहे, मूल होत नाही, म्हणून सासरच शस्त्रक्रियेला तयार होतं. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. पण डॉक्टर सांगतात, वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नका. आतड्याचा बायपास झाला असेल तर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी बसवणं बरं. हे त्या मुलीला एकटीला सांगून काय उपयोग? ‘आता तरी’ म्हणत वाट पाहणाऱ्यांना समोर बसवून सांगायला हवं.

पैशांचंही तसंच. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनंतर ठरावीक अटींत बसणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळू शकतो. त्यानंतरच्या गोळ्या, प्रथिनांची भुकटी, रक्ततपासण्या बहुधा घरखर्चातून जातात, आणि घरखर्चात पहिली काट बाईच्या औषधाला बसते. दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत वाढलं, जे अनेकांचं वाढतं, की ‘एवढे पैसे घातले आणि जिभेवर ताबा नाही’ हे ऐकायचं तिनेच.

माझी मागणी साधी आहे. शस्त्रक्रियेआधी सही घ्यायला नवऱ्याला बोलावतात ना, मग तेव्हाच त्याला विचारावं : पुढचे तीन महिने स्वयंपाक कोण करणार? उत्तर लिहून घ्यावं. आणि आपल्या गटांनीही आपल्याकडे पाहावं. आमच्या बैठका सकाळी दहाला सुरू होऊन दोनपर्यंत चालायच्या, मध्ये गोड चहा आणि बिस्किटं. आता साडेअकराला काम थांबतं. ती डबा उघडते, उकडलेलं अंडं नाहीतर मटकीची उसळ, आणि अर्धा तास जेवते. सुरुवातीला तिला संकोच वाटायचा. हल्ली आणखी तिघी-चौघी डबा आणतात.