वजनाआधी शिक्का वाचावा

२०२५ संपता संपता चांदीचा भाव किलोमागे दोन लाख रुपयांच्या पुढे गेला आणि घरोघरच्या ट्रंका उघडू लागल्या. आपल्या व्यापारी कुटुंबांत चांदी ही वजनाची आणि टंचाची वस्तू मानली जाते. ताट, वाटी, समई, अत्तरदाणी यांच्यापुरता तो हिशेब रास्तच आहे. परंतु पालघर, तारापूर ते घोलवड या किनारपट्टीतील जुन्या घरांतून कधी कधी वेगळीच चांदी निघते. विलायती चहादाणी, साखरेचे भांडे, मेणबत्तीदाने, केसांचे ब्रश, हातात धरावयाचा आरसा, पावडरची डबी. या भागात पारशी कुटुंबांची वस्ती जुनी. तारापूरच्या विकाजी मेहेरजींचे घराणे तर एकोणिसाव्या शतकात हैदराबादच्या निजामाचे सावकार होते, आणि त्या घराण्यातील पेस्तनजींच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया चलनात होता. इंग्रजी पद्धतीचे जेवणाचे टेबल आणि ड्रेसिंग टेबल ही पारशी समाजाने मुंबईच्या सहवासात उचललेली रीत. पुढे बंगले विकले गेले, सामान लिलावात किंवा ओळखीने हातोहात गेले, आणि त्यातील काही आपल्या लोकांच्या घरी येऊन स्थिरावले.

या जानेवारीत बोईसरच्या एका कुटुंबाने वाटणीच्या वेळी मला बोलावले. बँकेत असताना तारणकर्जाच्या फायली वर्षानुवर्षे हाताखालून गेल्या, एवढाच माझा अधिकार. दोन भाऊ, एक बहीण. वडिलांनी फार वर्षांपूर्वी एका बंगल्यातील चांदी एकगठ्ठा घेऊन ठेवली होती. आता तिचे तीन सारखे ढीग मांडले होते. थोरल्यांकडे चहाचा संच आणि तबक, धाकट्यांकडे मेणबत्तीदाने आणि सुऱ्या-काटे, आणि बहिणीकडे ‘बायकांच्या वस्तू’ म्हणून ड्रेसिंग टेबलचा संच. “साहेब, दहा ग्रॅमचासुद्धा फरक नाही,” थोरले शेठ म्हणाले. त्यांच्या मनात कपट नव्हते, आणि काटाही खोटा नव्हता.

मी भिंग मागवले. चहादाणीच्या तळाशी चालता सिंह होता. हा इंग्लंडचा ९२५चा शिक्का, म्हणजे आपल्या भाषेत साडेब्याण्णव टंच. त्याच्या शेजारी नांगर होता, म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमची. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहराला नांगर का मिळाला, याची गंमत वाटते. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही शहरांना एकदमच तपासणी कचेऱ्या मिळाल्या, तेव्हा एकाकडे नांगर आणि दुसऱ्याकडे मुकुट आला. लंडनचे चिन्ह बिबट्याचे मुख. पुढे एक अक्षर असते, ते वर्ष सांगते. १७८४ ते १८९० या काळातील बहुतेक तुकड्यांवर राजाचे किंवा राणीचे मस्तकही उमटलेले असते, कारण त्यावर कर भरलेला असे. जर्मन वस्तूंवर चंद्रकोर, मुकुट आणि बहुधा ८०० हा आकडा असतो. तेवढ्याच वजनात तेथे ऐंशीच टंच चांदी.

थोरल्यांचा ढीग भरीव होता. धाकट्यांचे मेणबत्तीदाने आतून राळेने भरलेले निघाले; बुडाला जड यावे म्हणून तसे करीत. सुऱ्यांच्या मुठी पोकळ, त्यातही राळ, आणि पाती पोलादाची. काट्यांवर तर ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे होती. ही चांदी नव्हे. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणावर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. त्या मिश्रणालाच आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात, आणि त्यात चांदीचा कणही नसतो. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये मुलाम्याच्या या कृतीचे पेटंट घेतले आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर झगमगाट आला.

बहिणीच्या वाट्याला आलेल्या वस्तूंवर सिंह होता, शिक्के अस्सल होते. आणि तरीही तिचेच नुकसान मोठे होते. ब्रश आणि आरसा यांच्या पाठीचा पत्रा साच्यात दाबून काढलेला, नखाएवढाही जाड नसलेला. त्याखाली लाकूड आणि राळ, पुढे काच. वजन या साऱ्यांचे धरले होते. बाई काही बोलल्या नाहीत. धाकट्या वहिनींनी मात्र तो ढीग सरळ मध्यभागी सरकवला.

मग प्रश्न आला, की शुद्ध चांदी काढून समान वाटावी का? बँक तसेच करील. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५च्या निर्देशांनुसार तारणाचे मूल्य केवळ धातूवर धरावयाचे. नक्षी आणि कारागिरी शून्य. कर्ज देणाऱ्याला तेच योग्य. पण मालकाने तसा हिशेब का करावा? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी सुमारे १४०० नगांचा मेजवानीचा संच करवला होता. २०१३ मध्ये तो लंडनच्या लिलावात १९ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. चांदी वितळवण्याची घाई जुनीच आहे. इंग्लंडात लोक नाणीच वितळवून भांडी करू लागले, तेव्हा १६९७ मध्ये भांड्यांची शुद्धता नाण्यांहून वर, ९५८ पर्यंत नेली गेली. ती सक्ती १७२० पर्यंत चालली.

आणि थोरल्यांच्याच ढिगात एक लहानसा दुधाचा बुधला होता, ज्यावर सिंह नव्हता, नांगर नव्हता. दाट वेलबुट्टी आणि तळाशी ‘ओ. एम.’ एवढीच दोन अक्षरे. हे भुजच्या उमरशी मावजी यांचे चिन्ह, कच्छच्या दरबारचे नामांकित चांदीकाम करणारे. घाट विलायती टेबलाचा, हात कच्छी. जगभरचे संग्राहक या कामाच्या शोधात असतात. ढिगातील सर्वांत हलकी वस्तू तीच होती. तबकाच्या कितीतरी पट वजनापुढे ती ठेवता आली असती. दोन दिवसांनी कळले की बुधला आणि चहादाणी बहिणीकडे गेली, आणि काटे कोणीही मागितले नाहीत.

अशा संचांत आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या ब्रशांचे केस पुष्कळदा रानडुकराचे असतात, मुठी हस्तिदंताच्या, कंगवे कासवाच्या कवचाचे. चकचकीत चांदीआड हे दिसत नाही. ज्यांना ते घरात नको, त्यांचा निर्णय सोपा. पण म्हणून ते विकण्याची वाट मोकळी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यातील १९८६ आणि १९९१च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे. तसेच १०० वर्षांपूर्वीची कलावस्तू अँटवर्पच्या लेकीकडे सहज सामानात पाठवता येत नाही. पुरावस्तू कायद्याने अशा निर्यातीस बंदी आहे. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसे प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावे लागते.

हौस लागलीच, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय कलादालने पाहून यावीत. बोईसरहून सकाळच्या गाडीने निघाले तर संध्याकाळी परत येता येते. खरेदी चोरबाजारातून करावयाची असल्यास भिंग खिशात असावे. वस्तू घरी आल्यावर सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकामुळे, आणि रासायनिक कारखान्यांच्या शेजारी लवकरच. तरी दर सणाला पावडरने घासू नये, कारण त्या घासण्यात सर्वांत आधी पुसला जातो तो सिंहच. मीठदाणीत निळ्या काचेची वाटी असेल तर ती काढून ठेवू नये. मीठ चांदीला खाते.