डोकं लपवणारी पिल्लं

वाई, कऱ्हाड, सांगलीकडचे कितीजण कृष्णेत पोहायला शिकलात? मग घरी आजोबांना विचारा, ‘खडशी पाहिलाय का हो?’ खडशी म्हणजे महाशीर मासा. नाण्याएवढे खवले, जाड ओठ आणि वाहतं, स्वच्छ पाणी लाडकं. पावसाळ्यात हा प्रवाहाविरुद्ध वर चढतो नि दगडगोट्यांत अंडी घालतो. वाटेत धरण आलं की संपलंच! धोम, कोयना, चांदोली... आपल्याला पाणी मिळालं, त्याची वाट अडली.

लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या सुमारास या माशाचं बाळंतघरच सुरू केलं. मादीचं पोट हलकेच दाबून अंडी ताटात घ्यायची, त्यावर नराचा चीक घालायचा, पिसाने ढवळायचं. आईबाबा परत तलावात! अंडं सोनेरी, जेमतेम तीन मिलिमीटरचं. रोहू लाखांनी अंडी घालतो, खडशीचा हात मात्र आखडता. म्हणून एकेक अंडं मोलाचं.

तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आणि पोहतात? छे! कोपऱ्यात डोकी खुपसून ढीग करून पडतात. नुसत्या शेपट्या वळवळतात. पोटाला आईने दिलेली बलकाची शिदोरी असते, पाच-सहा दिवस तीच पुरते. या वेळी कुणी मायेने खाऊ टाकला, तर तो कुजतो, पाणी नासतं, बुरशी धरते. इथे माया म्हणजे वाहतं पाणी, सावली आणि मेलेली अंडी वेचत बसायचं चिकाटीचं काम. (मला तर दोन तासांत कंटाळा येईल!) शिदोरी संपून पिल्लं वर उठली, की मग पंगत: पाण्यातले सूक्ष्म जीव, फडक्यातून गाळलेला उकडलेल्या अंड्याचा बलक, तोही थोडा थोडा, दिवसातून चार-पाचदा. पेंड नि कोंडा नंतर.

अशी वाढवलेली लाखो पिल्लं देशभर गेली. पण काही कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. आपला खडशी मात्र आता जागतिक लाल यादीतल्या धोक्याच्या रकान्यातून बाहेर आलाय.

आणि हो, आजोबांनी खडशी कुठल्या डोहात पाहिला, तेवढं पत्राने जरूर कळवा.